हलवून खुंटा बळकट : वाद्याची खुंटी बदलताना

'हलवून खुंटा बळकट करणे' ही म्हण मराठीत गुरे बांधण्याच्या खुंट्यावरून आली. एखादी गोष्ट पक्की आहे की नाही, याची खात्री करून घेण्यासाठी ती मुद्दाम हलवून पाहायची, असा तिचा अर्थ. तंतुवाद्य वाजविणाऱ्यांच्या बाबतीत ही म्हण अगदी शब्दशः खरी ठरते. व्हायोलिन असो, मेंडोलिन असो वा गोंधळ्याच्या हातातले तुणतुणे, त्याची तार ज्या बोटभर खुंटीवर गुंडाळलेली असते ती खुंटी रोज हलते आणि हलूनही तिला बळकट राहावे लागते. हलली नाही तर सूर मिळत नाही, बळकट राहिली नाही तर मिळालेला सूर टिकत नाही. या दोन परस्परविरोधी अपेक्षा लाकडाचा एक लहानसा तुकडा वर्षानुवर्षे पुरवीत असतो. तो झिजतो, वाकतो, कधी मोडतो, आणि मग त्याच्या जागी नवी खुंटी निवडण्याची वेळ येते. ही निवड वरवर पाहता क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात मात्र चुकीची खुंटी दामटून बसविल्यामुळे चांगली जुनी वाद्ये कायमची दुखावतात.

विदर्भात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे हवामानाचा. नागपूरपासून सुमारे १६ किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी वसलेल्या कामठीचे उदाहरण घेता येईल. १८२१ मध्ये इंग्रजांनी येथे लष्करी छावणी वसविली आणि तिच्या आधाराने गाव वाढले. विणकर, बिडी कामगार, छावणीतील शिपाई, व्यापारी अशा नाना तऱ्हांच्या लोकांनी हे गाव भरले. साहजिकच भजनी मंडळातील एकतारीपासून लहान मुलांसाठी आणलेल्या व्हायोलिनपर्यंत अनेक प्रकारची तंतुवाद्ये अशा गावातील घरांत आढळू शकतात. या सर्व वाद्यांना उन्हाळा आणि पावसाळा एकाच घरात काढावा लागतो. मे महिन्यात नागपूर परिसरात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते. पुढे दोनच महिन्यांनी, जुलै-ऑगस्टमध्ये, तीच आर्द्रता ८० टक्क्यांच्या घरात पोहोचते. तंतुवाद्यांना साधारणपणे ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. म्हणजे वर्षाचा बराच काळ येथील वाद्ये या मर्यादेच्या एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला असतात. उन्हाळ्यात घसरणाऱ्या आणि पावसाळ्यात जाम होणाऱ्या खुंट्या हा त्याचाच परिणाम होय.

खुंटी धरते कशी?

व्हायोलिनचा आजचा आकार सोळाव्या शतकात उत्तर इटलीत सिद्ध झाला. त्यानंतर वाद्याची मान, तारा, गज यांत अनेक बदल झाले, परंतु खुंटीचे तत्त्व तेच राहिले. खुंटी हा एक निमुळता दंड असतो. मुठीकडे जाड आणि टोकाकडे बारीक. मानेच्या वरच्या टोकाला कोरलेल्या पेटीच्या दोन्ही भिंतींतून ती आरपार जाते. दोन्ही भिंतींना असलेली छिद्रेही त्याच प्रमाणात निमुळती असतात. खुंटी फिरविताना किंचित आत दाबली की ती पाचरीसारखी आवळली जाते आणि घर्षणाच्या बळावर तार धरून ठेवते. तेथे स्क्रू नसतो, स्प्रिंग नसते. व्हायोलिनच्या चारही तारांचा एकत्रित ताण सुमारे २० ते २५ किलो भरतो आणि तो सारा चार खुंट्यांच्या घर्षणावर तोललेला असतो.

यात किती बारकावा लागतो, हे एका हिशेबावरून कळेल. व्हायोलिनची सर्वांत बारीक पोलादी तार एका अर्धस्वराने चढवायची असेल, तर तिला अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी ओढ पुरते. सुमारे ७ मिलिमीटर जाडीची खुंटी त्यासाठी जेमतेम सहा-सात अंश फिरावी लागते. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात जेवढा सरकतो, जवळजवळ तेवढीच. एका स्वराचे अंतर जिथे मिनिटकाट्याच्या एका पावलाएवढे आहे, तिथे खुंटी धक्क्याधक्क्याने फिरत असेल तर वाद्य सुरात लागणे अशक्यच.

हिंदुस्थानी संगीतात खुंटीवरचा भार अधिक असतो. पाश्चात्त्य पद्धतीत व्हायोलिनच्या तारा ठरावीक स्वरांना लावलेल्या असतात. आपल्याकडे त्या षड्ज-पंचमाच्या जोडीत मिळविल्या जातात आणि साथ करताना षड्ज गायकाच्या पट्टीप्रमाणे बदलतो. गजाननबुवा जोशी (१९११-१९८७), व्ही. जी. जोग (१९२२-२००४) यांच्यासारख्या वादकांनी हे विलायती वाद्य रागसंगीतात रुजविले आणि प्रभाकर जोग (१९३२-२०२१) यांनी ते मराठी भावगीत-चित्रपटगीतांतून घराघरांत पोहोचविले. या परंपरेत शिकणारा विद्यार्थी एका आठवड्यात चार वेगवेगळ्या पट्ट्यांत वाद्य लावतो. त्याच्या खुंट्या तितक्याच लवकर झिजतात.

दोष खुंटीचाच आहे काय?

नवी खुंटी आणण्यापूर्वी जुनीला दोष देणे योग्य आहे का, हे पाहावे. बहुतेक वेळा खुंटी घसरते ती झिजल्यामुळे नव्हे, तर तार चुकीची गुंडाळल्यामुळे. तारेचे वेढे मुठीच्या दिशेने सरकत गेले पाहिजेत, म्हणजे ताण खुंटीला आत ओढतो. वेढे उलट दिशेला गेले तर तोच ताण तिला बाहेर ढकलतो. अर्थात, शेवटचा वेढा भिंतीला दाबून बसविणेही चुकीचे. त्याने खुंटी जाम होते आणि भिंतीवर अकारण जोर येतो.

दुसरी पाहणी खुंटी बाहेर काढून करायची. ती जिथे भिंतींना घासते तिथे दोन चकचकीत पट्टे उमटलेले असतात. दोन्ही पट्टे सर्व बाजूंनी सारखे असतील तर खुंटी आणि छिद्र एकमेकांना जुळलेली आहेत. अशा वेळी व्हायोलिनच्या खुंट्यांसाठी मिळणारी पेस्ट किंचित लावली की काम भागते. ती न मिळाल्यास जुना घरगुती उपाय आहेच. घसरणाऱ्या खुंटीला पांढरा खडू, जाम होणाऱ्या खुंटीला कोरडा साबण. तेल मात्र कधीही लावू नये. लाकूड ते शोषून घेते आणि मग कोणताच उपाय चालत नाही.

पट्टा एकाच भिंतीजवळ दिसत असेल किंवा एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिका असेल, तर मात्र दुखणे खरे आहे. लाकूड लांबीत फारसे आटत नाही, पण आडव्या दिशेने आटते, आणि तेही सर्व बाजूंनी सारखे नाही. त्यामुळे वर्षानुवर्षांनी गोल खुंटी किंचित लंबगोल होते, तसेच भिंतीतले गोल छिद्रही. लंबगोल छिद्रात लंबगोल खुंटी फिरली की ती एका ठिकाणी आवळते आणि थोडे पुढे जाताच सुटते. वादक ज्याला 'खुंटी उडी मारते' म्हणतात ती हीच अवस्था. खुंटीला तडा गेला असेल, मूठ सैल झाली असेल, किंवा ती इतकी आत गेली असेल की मूठ भिंतीला टेकू लागली आहे, तर बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

माप : सर्वांत महत्त्वाची पायरी

दुकानात जाऊन 'व्हायोलिनची एक खुंटी द्या' म्हणणे आणि 'चष्म्याची एक काच द्या' म्हणणे सारखेच. व्हायोलिनच्या अर्ध्या, पाऊण, पूर्ण अशा आकारांप्रमाणे खुंट्या लहानमोठ्या मिळतात हे खरे. परंतु बाजारात मिळणारी खुंटी ही जवळजवळ नेहमीच अर्धवट घडविलेली, मुद्दाम थोडी जाड ठेवलेली असते. ती त्या त्या वाद्याच्या छिद्राप्रमाणे तासून बसवावी लागते. तयार बसणारी खुंटी असा प्रकार जवळजवळ नाहीच.

मापे दोन घ्यायची असतात. एक जाडीचे आणि दुसरे निमुळतेपणाचे. व्हर्नियर कॅलिपर हाताशी असेल तर ती घरीही घेता येतात. जुनी खुंटी नीट बसवून दोन्ही भिंतींच्या बाहेरच्या कडेशी पेन्सिलीने खूण करावी, मग खुंटी काढून दोन्ही खुणांवर जाडी मोजावी. समजा, मुठीकडच्या खुणेवर ती ७.८ मिलिमीटर आणि टोकाकडच्या खुणेवर ७ मिलिमीटर भरली आणि दोन खुणांमधले अंतर २४ मिलिमीटर आहे. जाडीतला फरक ०.८ मिलिमीटर, अंतर २४ मिलिमीटर, म्हणजे निमुळतेपणाचे प्रमाण १:३०. आज व्हायोलिनसाठी हेच प्रमाण सर्वत्र रूढ आहे. जुन्या किंवा स्थानिक कारागिराने घडविलेल्या वाद्यांत ते अधिक तीव्रही असू शकते. तसे असेल तर नवी खुंटी त्या प्रमाणाची आणावी किंवा कारागिराकडून चारही छिद्रे १:३० ची करून घ्यावीत. १:३० ची खुंटी तीव्र उताराच्या छिद्रात बसविली, तर ती एकाच भिंतीला धरते. दुसरी भिंत नुसती साक्षीला राहते.

या प्रमाणाचा आणखी एक अर्थ ध्यानात घ्यावा. खुंटीची जाडी ०.१ मिलिमीटरने कमी झाली की ती ३ मिलिमीटर आत जाते. केसाच्या जाडीएवढी चूक मुठीची जागा पालटून टाकते. म्हणूनच कारागीर नवी खुंटी बसविताना मूठ भिंतीपासून बोटभर बाहेर राहील अशी ठेवतात. पुढील वर्षांतील झिजेसाठी ती शिल्लक असते.

जाड खुंटी आणावी की बारीक, असाही प्रश्न असतो. व्हायोलिनच्या नव्या खुंट्या मुठीशेजारच्या भिंतीत साधारणतः साडेसात-आठ मिलिमीटर जाड असतात. ८ मिलिमीटरची खुंटी एका पूर्ण फेऱ्यात सुमारे २५ मिलिमीटर तार गुंडाळते, तर साडेसहा मिलिमीटरची खुंटी सुमारे २० मिलिमीटर. म्हणजे खुंटी जितकी बारीक तितका सूर नेमका लावता येतो. उलटपक्षी, दर वेळी थोडी जाड खुंटी आणून छिद्र मोठे करीत गेले, तर सूर लावणे कठीण होत जाते आणि भिंतही कमजोर होते. छिद्र नऊ मिलिमीटरच्या पुढे गेले की आणखी जाड खुंटी हा मार्ग सोडावा. जुने छिद्र कठीण लाकडाच्या निमुळत्या गुडदीने बुजवून त्यात नवे, लहान छिद्र पाडून घ्यावे. हे काम थोडे खर्चाचे असले तरी वाद्याचे आयुष्य वाढविणारे आहे.

लाकूड कोणते?

खुंटीचे लाकूड पेटीच्या भिंतीपेक्षा कठीण, दाट आणि बारीक पोताचे हवे. व्हायोलिनची मान बहुधा मेपल या विलायती लाकडाची असते. त्यामानाने कठीण असलेली आबनूस, शिसवी आणि बॉक्सवुड ही तीन लाकडे खुंट्यांसाठी परंपरेने वापरली जातात. चिंचेच्या लाकडाच्या खुंट्याही आपल्याकडे तयार होतात.

आबनूस सर्वांत कठीण आणि सर्वांत कमी झिजणारे. त्याची खुंटी फिरते मऊ, रंगही काळाभोर. पण ती स्वतः झिजत नसल्यामुळे बेताने बसविली नाही तर भिंतच झिजविते. शिसवी थोडी मवाळ. झीज खुंटी सोसते, भिंत वाचते. खुंटी बदलता येते, भिंत बदलता येत नाही, हे लक्षात घेता जुन्या, मौल्यवान वाद्याला शिसवी किंवा बॉक्सवुड अधिक मानवते असे मानणारे कारागीर आहेत. रोज पट्टी बदलणाऱ्या वादकाला आबनूस अधिक टिकाऊ वाटते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. वाद्याचे वय आणि वापर पाहून निर्णय घ्यावा.

आबनूस हे दूरदेशीचे लाकूड वाटत असले, तरी त्याचे कूळ विदर्भाला अपरिचित नाही. उत्तम आबनूस देणारे झाड आणि आपल्या जंगलातील टेंभुर्णी अर्थात तेंदू ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच प्रजातिगटातील, सख्खी भावंडे म्हणावीत अशी. टेंभुर्णीच्या पानात तंबाखू वळून बिडी होते, आणि बिडी कामगारांना संघटित करणारे बाबू हरदास एल. एन. (१९०४-१९३९) हे कामठीचेच. ज्या कुळातील झाडाच्या पानावर या गावातील हजारो हात राबले, त्याच कुळातील लाकूड व्हायोलिनची तार ताणून धरते.

सागवानाबाबत मात्र सावध राहावे. विदर्भातील साग प्रसिद्ध आहे, आणि ओळखीच्या सुताराला खुंटी करून मागितली तर त्याच्या हाताशी बहुधा सागाचाच तुकडा असतो. दारे-खिडक्यांना आणि पलंगाला सागासारखे लाकूड नाही. पण त्याचा पोत भरड आहे आणि कठीणपणा खुंटीला पुरेसा नाही. सागाची खुंटी असमान झिजते आणि लवकरच घसरू लागते. प्लॅस्टिकच्या खुंट्या स्वस्त वाद्यांना कारखान्यातूनच लावलेल्या असतात. त्या ऋतुमानाने फुगत नाहीत, पण भोवतालचे लाकूड फुगते-आटते, त्यामुळे त्यांचा काही उपयोग होत नाही. शक्य असेल तेव्हा त्या बदलाव्यात.

शिसवीच्या बाबतीत एक कायदेशीर बाबही लक्षात ठेवण्याजोगी आहे. डालबर्जिया या तिच्या सबंध प्रजातिगटाचा व्यापार २ जानेवारी २०१७ पासून आंतरराष्ट्रीय करारान्वये नियंत्रित झाला. परदेशी वाद्य नेणाऱ्या वादकांना त्याचा त्रास झाला. पुढे २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये, त्यांचे सुटे भाग आणि पूरक वस्तू यांना त्यातून सूट मिळाली. कच्च्या लाकडाला ती लागू नाही.

दाते असलेल्या खुंट्या

गेल्या काही वर्षांत आतमध्ये दातेरी चाके बसविलेल्या खुंट्या मिळू लागल्या आहेत. बाहेरून त्या साध्या खुंटीसारख्याच दिसतात, परंतु मूठ चार वेळा, काही प्रकारांत साडेआठ वेळा, फिरविल्यावर तार गुंडाळणारा भाग एकदा फिरतो. त्यामुळे सूर अगदी सावकाश, नेमका चढविता-उतरविता येतो. ज्यांची बोटे वयोमानाने किंवा संधिवाताने दुखतात, तसेच लहान मुले ज्यांना दाबून फिरविणे जमत नाही, त्यांच्यासाठी हे वरदान आहे. भिंतीत त्यांचे कवच स्थिर राहते, म्हणून विदर्भासारख्या टोकाच्या हवामानातही त्या ना घसरतात ना जाम होतात. त्यांची किंमत जास्त असते आणि त्या बसविताना छिद्र कधीकधी मोठे करावे लागते. एकदा मोठे केलेले छिद्र पुन्हा लहान होत नाही. नव्या वाद्याला त्या जरूर लावाव्यात. आजोबांच्या काळच्या वाद्यात मात्र त्या जुन्या छिद्रात बसतात की नाही, हे आधी तपासावे.

तारेच्या खालच्या टोकाला लावायचे छोटे स्क्रू हा त्याहून स्वस्त मार्ग. तंबोऱ्यात खुंटीने सूर साधारण मिळवून शेवटचा बारकावा मण्याने साधतात, त्यातलाच हा प्रकार.

मेंडोलिन, युकलेले आणि तुणतुणे

मेंडोलिनला घर्षणाची खुंटी नसते. तेथे धातूच्या पट्टीवर चार-चार किल्ल्या एका ओळीत बसविलेल्या असतात आणि किल्लीचा स्क्रू एका दातेरी चाकाला फिरवितो. किल्ली साधारणतः १४ ते १८ वेळा फिरली की दांडा एकदा फिरतो. येथे बदलताना लाकडाचा नव्हे, अंतराचा विचार करावा. दोन दांड्यांच्या मध्यांमधले अंतर बहुतेक आधुनिक मेंडोलिनांत सुमारे २३ मिलिमीटर असते, परंतु जुन्या वाद्यांत ते निराळे आढळते. चौथ्या दांड्यापर्यंत पोहोचताना अर्ध्या मिलिमीटरचा फरक दीड मिलिमीटर होतो आणि पट्टी बसत नाही. तेव्हा पहिल्या ते चौथ्या दांड्याचे अंतर मोजून त्याला तीनने भागावे, हा सुरक्षित मार्ग. दांड्याची जाडी, लांबी आणि स्क्रूची छिद्रे जुन्या पट्टीशी ताडून पाहावीत. एकच किल्ली बिघडली असेल तर एक थेंब तेल आणि चाकाचा स्क्रू आवळणे एवढ्याने अनेकदा निभावते. तेलाची मनाई लाकडी खुंटीला आहे, धातूच्या किल्लीला नाही.

युकलेले हे शहरी मुलांच्या हाती अलीकडे दिसू लागलेले चार तारांचे वाद्य. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील स्थलांतरितांनी १८७९ मध्ये आपली छोटी वाद्ये हवाई बेटांवर नेली, त्यांतून ते जन्मले. त्याला दोन प्रकारच्या किल्ल्या येतात. मागच्या बाजूला मूठ असलेल्या साध्या, आणि गिटारसारख्या कानाप्रमाणे बाहेर आलेल्या दातेरी. साध्या किल्लीच्या मुठीत स्क्रू असतो. घसरू लागली की तो पाव फेरा आवळावा, एवढेच. दातेरी किल्ल्या सूर नेमका देतात, पण त्या जड असतात. लहानशा वाद्याचे डोके जड झाले की ते हातात खाली झुकते. विकत घेण्यापूर्वी ही गोष्ट हातात धरून पाहिलेली बरी.

सर्वांत साधी खुंटी तुणतुण्याची. एका पोकळ नळकांड्याच्या तळाला चामडे, त्यातून वर आलेली एकच तार आणि बाजूच्या काठीच्या टोकाला एकच खुंटी. गोंधळ, पोवाडा, तमाशा, जलसे यांतून हे वाद्य महाराष्ट्रभर फिरले. त्याची खुंटी बदलताना धोका खुंटीला नसून काठीला असतो. बांबूचे तंतू उभे असतात, त्यामुळे जाड खुंटी ठोकली की काठी उभी चिरते. नवी खुंटी शिसवी किंवा बाभळीसारख्या कठीण लाकडाची, छिद्रापेक्षा जेमतेम जाड अशी तासून घ्यावी, आणि छिद्राच्या वर-खाली सुताचे घट्ट वेढे देऊन त्यावर सरस लावावा. वाद्य स्वस्त आहे म्हणून त्याची खुंटी कशीही चालेल, असे मानणे चूक. एकच तार असलेल्या वाद्यात ती उतरली तर सावरून घ्यायला दुसरी तार नसते.

मिरजेचा धडा

खुंटी वाद्याप्रमाणे घडवायची असते, हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या कुटुंबीयांनी शस्त्रांना धार लावण्याचा पिढीजात व्यवसाय सोडून तंबोरे-सतारी घडविण्यास आरंभ केला. त्या घराण्यांची कारागिरी आजही चालू आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हाताने घडविलेल्या अशा वाद्यात प्रत्येक खुंटी तिच्या तिच्या छिद्रात फिरवून, घासून, पुन्हा फिरवून बसविलेली असते. पहिल्या छिद्राची खुंटी तिसऱ्यात नीट बसेलच असे नाही. म्हणून कोणत्याही वाद्याच्या खुंट्या काढताना त्यांवर पेन्सिलीने क्रमांक टाकावा. गोंधळ झाला तर चांगल्या खुंट्याही निकामी ठरतात.

बसविताना होणाऱ्या चुका

सर्वांत घातक चूक म्हणजे सैल खुंटी हातोडीने ठोकणे किंवा अंगठ्याच्या सर्व जोराने आत रेटणे. १:३० उताराची खुंटी ही पाचर आहे आणि पाचरीवर दिलेला थोडा जोर भिंतींवर अनेक पटींनी पडतो. पाचरीने ओंडका फुटतो, मग पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या भिंतीची काय कथा! व्हायोलिनच्या दुसऱ्या तारेच्या, म्हणजे पाश्चात्त्य नावाने 'ए' तारेच्या, खुंटीजवळ अशी चीर पडणे हे कारागिरांच्या नित्य परिचयाचे दुखणे आहे. एका खुंटीची किंमत वाद्याच्या मानाने नगण्य असते. चीर सांधण्याचा खर्च मात्र कित्येकदा साध्या वाद्याच्या किमतीहून अधिक होतो, आणि मग ते वाद्य माळ्यावर जाते. शिकणाऱ्या मुलाचे शिक्षण थांबण्यास कधीकधी एवढेही कारण पुरते.

खुंटीभोवती कागदाची घडी, कापडाची चिंधी किंवा झटपट चिकटणारा गोंद लावणे ही दुसरी चूक. घडी एका बाजूला दाबते आणि छिद्र लंबगोल करते. गोंदाने घट्ट झालेली खुंटी पुढे काढताना भिंतीचा कपचा निघतो. तिसरी चूक, चारही खुंट्या एकदम काढणे. तारांचा दाब गेला की घोडी पडते आणि वाद्याच्या पोटात केवळ दाबाने उभी असलेली छोटी काठी, साउंडपोस्ट, आडवी होते. ती उभी करणे जाणकाराचेच काम. म्हणून एका वेळी एकच खुंटी काढावी.

खुंटी तासण्यासाठी पेन्सिलीच्या शार्पनरसारखे हत्यार आणि छिद्र गुळगुळीत करण्यासाठी निमुळता रीमर लागतो. ही हत्यारे ज्याच्याकडे नाहीत त्याने हे काम अंगावर घेऊ नये, मग तो कितीही कुशल सुतार असो. कामठीच्या वादकाला सुटे भाग आणि दुरुस्ती यांसाठी नागपूरची बाजारपेठ जवळची. जाताना नवी खुंटी नव्हे, तर वाद्यच सोबत न्यावे.

केव्हा बदलावी?

विदर्भात खुंटी बदलण्यासाठी ऋतू निवडणे शहाणपणाचे. ऐन मे महिन्यात सुकलेल्या वाद्यात घट्ट बसविलेली खुंटी श्रावणात हलत नाही, आणि श्रावणात फुगलेल्या वाद्यात बसविलेली वैशाखात गळून पडल्यासारखी होते. दिवाळीनंतरचा, माघापर्यंतचा काळ त्यातल्या त्यात सम असतो. तेव्हा हे काम करून घ्यावे. खुंटीचे लाकूड चांगले मुरलेले, सुकविलेले आहे ना, याची विचारपूस करावी.

त्यानंतरची काळजी वाद्य ठेवण्याची. उन्हाळ्यात कूलरच्या थेट झोतात वाद्य ठेवू नये. रात्रभर ओली हवा आणि दुपारी वीज गेल्यावर कोरडी, या रोजच्या फेऱ्याने लाकूड थकते. बंद मोटारीत तर ते मुळीच ठेवू नये. व्हायोलिनचे सांधे सरसाने जोडलेले असतात आणि तापलेल्या गाडीत सरस मऊ पडतो. वाद्य बंद पेटीत, घराच्या आतल्या खोलीत ठेवावे. कडक उन्हाळ्यात जास्त दिवस वापर नसेल तर तारा थोड्या उतरवाव्यात, पण पूर्ण सैल करू नयेत. पावसाळा सुरू होताना आठवड्यातून एकदा प्रत्येक खुंटी किंचित मागे घेऊन पुन्हा लावावी, म्हणजे ती जागच्या जागी जखडत नाही.

थोडक्यात, नवी खुंटी निवडताना क्रम असा ठेवावा : आधी दोष खुंटीत आहे, छिद्रात आहे की तार गुंडाळण्यात, हे ठरवावे. मग जाडी आणि निमुळतेपणा मोजावा. मग वाद्याचे वय आणि वादकाची गरज पाहून लाकूड निवडावे. आणि शेवटी, बसविण्याचे काम हत्यार असलेल्या हाताकडे सोपवावे. बहुतेक लोक हा क्रम उलटा धरतात. आधी खुंटी विकत घेतात, मग ती बसत नाही म्हणून वाद्याला तिच्यासारखे करू पाहतात. खुंटी वाद्यासाठी असते, वाद्य खुंटीसाठी नव्हे.

आणि नवी खुंटी बसल्यावर? ती हलवून पाहावी. दोन बोटांनी सहज फिरली आणि हात काढताच जागेवर राहिली, तर समजावे की खुंटा बळकट आहे.